चिट्टीचा प्रश्न आणि खोडदच्या लहरी

आवडत्या सिनेमाचा दुसरा भाग पाहून माणूस हिरमुसला की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : एवढी अपेक्षा ठेवून गेलासच कशाला? दुसरा : पिक्चरच तो, किती मनावर घ्यायचं! ‘रोबोट’चा दुसरा भाग, दिग्दर्शक शंकर यांचा ‘२.०’, पाहून आल्यावर नारायणगावच्या एका टपरीवर मला हे दोन्ही सल्ले एकाच बाकड्यावरून मिळाले. दोन्ही देणारे माझ्यासारखेच ‘रोबोट’चे भक्त होते, म्हणून त्यांचा राग आला नाही. पण सल्ले तेव्हा पटले नाहीत आणि आजही पटत नाहीत. दुसऱ्या भागावर चाहत्याने केलेली तक्रार म्हणजे जुन्या आठवणींचं रडगाणं नसतं. पहिला भाग ज्याने सर्वांत नीट पाहिलेला असतो, त्याचा तो निवाडा असतो. आणि सिनेमा विज्ञानाचा असेल, तर त्या निवाड्याला आणखी धार असावी लागते. आम्ही तर जुन्नर-आंबेगावचे. रेडिओ लहरींवर बेतलेला सिनेमा आम्हाला कसा दिसतो, हे चेन्नईला किंवा मुंबईला बसून कळायचं नाही.

आधी मूळ सिनेमाविषयी. १ ऑक्टोबर २०१० रोजी ‘एंदिरन’ तमिळमध्ये आणि ‘रोबोट’ या नावाने हिंदीत आला. रजनीकांत म्हणजे बेंगळुरूत जन्मलेला शिवाजीराव गायकवाड. मूळ घराणं आपल्याच जिल्ह्यातल्या, पुरंदर तालुक्यातल्या मावडी कडेपठारचं असल्याचं सांगतात, त्यामुळे आमच्याकडे त्याच्याबद्दल घरचा अभिमान आहेच. पण ‘रोबोट’वर जीव जडला तो रजनीकांतच्या ऐटीमुळे नव्हे. एरवी त्याने सिगारेट उडवली की पडद्यापुढे शिट्ट्या पडतात. इथे त्याने एक निरागस, आज्ञाधारक, काहीसा बावळट यंत्रमानव उभा केला. त्याचं नाव चिट्टी.

त्या सिनेमातला एक प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. इमारतीला आग लागते आणि चिट्टी एकेकाला उचलून बाहेर आणतो. त्यात न्हाणीघरात अडकलेली एक मुलगी असते. तो तिला तशीच, अंगावर वस्त्र नसताना, जमावासमोर आणून उभी करतो. जीव वाचवायला सांगितलं होतं, त्याने वाचवला. भोवती माणसं आणि कॅमेरे. ती मुलगी लाजेने सैरावैरा पळते आणि गाडीखाली जाते. चिट्टीला काही केल्या कळत नाही की आपलं चुकलं काय. व्यापारी सिनेमातल्या मोजक्या मिनिटांत शंकर यांनी यंत्रबुद्धीचा गाभ्याचा पेच मांडला होता : सांगितलेलं काम अचूक करणं आणि योग्य ते करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जगभरचे संगणकतज्ज्ञ याच पेचाशी झुंजताहेत. आम्ही तो पेच २०१० साली इंटरव्हलच्या आत पाहिला होता.

पुढची गोष्ट याच प्रसंगातून निघते. चिट्टीला भावना शिकवाव्या लागतात, त्या शिकताच तो आपल्या निर्मात्याच्या प्रेयसीवर, सानावर, जीव लावतो, नाकारला जातो, निर्माता चिडून त्याचे तुकडे करतो. मग दुसरा शास्त्रज्ञ, डॅनीने रंगवलेला बोहरा, त्याच्यात लाल चिप बसवतो आणि चिट्टी स्वतःच्या शेकडो प्रतिकृती घडवून शहर वेठीला धरतो. शेवटी न्यायालयाच्या आदेशाने तो स्वतःच्याच हातांनी स्वतःला सुटं करतो. २०३० सालच्या संग्रहालयात त्याचे तुकडे मांडलेले दिसतात आणि शाळेची सहल आलेली असते. तुला का मोडलं, असं एक मुलगी विचारते. आपण विचार करायला लागलो म्हणून, अशा अर्थाचं उत्तर तो देतो. सिनेमा तिथे संपतो आणि प्रश्न सुरू होतो. विचार करणारी वस्तू आपण घडवली, तर तिच्याशी आपलं नातं मालकाचं की बापाचं? ती बिघडली तर गुन्हा कुणाचा?

हा प्रश्न इतका नेमका उतरला यामागे लेखणी होती. शंकर यांच्याबरोबर संवाद लिहिणाऱ्यांत सुजाता होते. सुजाता हे रंगराजन यांचं टोपणनाव. तमिळमधले लोकप्रिय लेखक, पेशाने भारत इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंते. आपण ज्या यंत्रावर मत देतो, त्या यंत्राच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. यंत्र कसं चालतं आणि माणूस कसा चालतो, दोन्ही ठाऊक असलेला हा लेखक फेब्रुवारी २००८ मध्ये, सिनेमा पूर्ण होण्यापूर्वीच गेला. दुसऱ्या भागाचे संवाद शंकर यांच्यासोबत जयमोहन यांनी लिहिले. तेही मोठेच लेखक, त्यामुळे सगळं खापर लेखक बदलण्यावर फोडता येत नाही. बदलला तो सिनेमाचा रोख.

‘२.०’ आठ वर्षांनी आला, २९ नोव्हेंबर २०१८ रोजी. त्याआधी २०१७ची दिवाळी ठरली होती, ती हुकली. संगणकावरची दृश्यं पूर्ण होईनात म्हणून तारीख वर्षभर पुढे पुढे सरकत राहिली. खर्चाचा आकडा पाचशे कोटींच्या पुढे बोलला जात होता. आठ वर्षं आणि इतका पैसा म्हटल्यावर वाट पाहणाऱ्याने काय काय मनात बांधलं असेल, याचा अंदाज करा. संग्रहालयातला चिट्टी आता काय म्हणेल? पुन्हा जोडला जाताना तो विचारेल का की मला आधी मोडलंत का?

त्याने असं काही विचारलं नाही. शहरातले मोबाइल एका सकाळी लोकांच्या हातांतून उडून जातात आणि त्यांचाच एक अजस्र पक्षी तयार होतो. हे दृश्य डोळे दिपवणारं आहे, ते मान्य करतो. त्रिमितीत पाहताना अंग चोरावंसं वाटलं. त्यामागे असतो पक्षिराजन, अक्षयकुमारने रंगवलेला म्हातारा पक्षितज्ज्ञ. त्याची बारीक चण आणि दाढी पाहून सालिम अलींची आठवण होते. मोबाइल टॉवरच्या किरणांनी पाखरं मरतात हे तो जिवाच्या आकांताने सांगत फिरतो, कुणी ऐकत नाही, आणि तो टॉवरलाच गळफास घेतो. मग त्याची ‘ऑरा’ मेलेल्या पाखरांच्या ‘ऑरां’त मिसळते आणि सूड सुरू होतो. तिच्याशी लढायला चिट्टीला संग्रहालयातून काढून जोडतात.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. पहिल्या भागात लाल चिप हा रोग होता. दुसऱ्या भागात तीच लाल चिप औषध म्हणून घातली जाते, कारण साधा चिट्टी हरलेला असतो. हा रोग आता औषध कसा झाला, हे विचारायला कुणी थांबत नाही. पहिल्या भागात यंत्राने माणसावर प्रेम करावं का, हा अवघड प्रश्न होता. दुसऱ्या भागात नीला नावाची यंत्रकन्या आणून यंत्राची सोयरीक यंत्रातच जुळवून दिली, म्हणजे प्रश्नच मिटला! ज्या सानावरून सगळं रामायण घडलं, ती इथे फोनवरच्या आवाजापुरती उरली. चिट्टी परत आला, पण त्याच्यातला प्रश्न संग्रहालयातच राहिला. दुसऱ्या भागाने पात्र पुढे नेलं आणि प्रश्न मागे टाकला, तर उरतं ते पहिल्याच्या नावावरचं तिकीट.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती आमच्या मातीतून येते.

नारायणगावपासून जवळच खोडद आहे. तिथे टोमॅटोच्या आणि कांद्याच्या वावरांमध्ये पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. एकूण तीस : चौदा मध्यभागी, बाकीच्या तीन फाट्यांवर, एकूण पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात पांगलेल्या. ही जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. तबकडी भरीव पत्र्याची नाही. पोलादी दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी ताणलेली आहे. खाली उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून आभाळ दिसतं आणि वारा आरपार निघून जातो. यामुळे वजन कमी, खर्च कमी. मीटरभर लांबीच्या लहरींना मात्र ती जाळी भिंतीसारखीच लागते. खोडद निवडलं त्यामागे एक मोठं कारण हे होतं की इथे माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी होता.

म्हणजे मोबाइलच्या लहरी हा आमच्याकडे सिनेमाचा विषय नाही, रोजचा विषय आहे. दुर्बिणीच्या आवारात शिरताना मोबाइल बंद करावा लागतो. परिसरात टॉवर उभारायचा तर दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मार्ग अडला त्यामागेही हीच दुर्बीण होती. ‘हिच्यापायी आमच्याकडे कारखाने आले नाहीत’ ही कट्ट्यावरची जुनी कुरकुर आहे आणि तिच्यात तथ्य आहे. चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू केला, तर या दुर्बिणीला तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल, इतकं तिला बारीक ऐकू येतं. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता. उतरण्याच्या थोडंसं आधी तो तुटला, आणि यान कोसळल्याचं पुढे स्पष्ट झालं. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेली लहर इथे टिपली गेल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं.

हे सगळं ज्याच्या पंचक्रोशीत घडतं, त्याला ‘२.०’मधल्या लहरी पोरकट वाटतात. सिनेमात लहर म्हणजे विष आहे, आत्मा म्हणजे ऊर्जा आहे, आणि ऋण ऊर्जेला धन ऊर्जेने मारायचं आहे. रेडिओ लहर काय करते आणि काय करत नाही, याचं ज्ञान जगात उपलब्ध आहे. मोबाइलची लहर अणूतून इलेक्ट्रॉन उखडण्याइतकी जोरकस नसते. पाखरांवर तिचा काहीच परिणाम होत नाही असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, त्यावर अभ्यास झाले आहेत आणि वादही आहेत. पण चिमण्या टॉवरमुळे संपल्या हे सिद्ध झालेलं नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२०च्या अहवालाने तर देशभरातली चिमण्यांची संख्या पंचवीसेक वर्षं साधारण स्थिर असल्याचं दाखवलं. घट दिसली ती मोठ्या शहरांत. तिथे पिल्लांना भरवायला किडे नाहीत आणि घरटं करायला वळचण नाही. सिनेमा येण्याच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने अवैज्ञानिक प्रचाराची तक्रार केली होती. तक्रार करणारे आपला धंदा सांभाळत होते हे उघड आहे. पण म्हणून ते सांगत होते ते चूक ठरत नाही.

इथे टपरीवरचा दुसरा सल्ला आडवा येतो : पिक्चरच तो! मान्य. विज्ञानपटाला कल्पनेची मुभा आहेच. चिट्टीसारखा यंत्रमानव आजही नाही, म्हणून ‘रोबोट’वर कुणी बोट ठेवलं नाही. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून पुढे आयुष्यभर त्यांनी एक नियम पाळला. एक अद्भुत गोष्ट गृहीत धरायची मुभा घ्या, मग पुढचं सगळं विज्ञानाच्या शिस्तीत चालू द्या. त्यांच्या ‘वामन परत न आला’मध्येही स्वतःला घडवू पाहणारं यंत्र आहे, आणि त्याची भीती वाटते ती तर्काने वाटते. ‘२.०’ची अडचण कल्पना ही नाही. तो शेवटी उपदेश करतो : टॉवर कमी करा, पाखरं वाचवा. पडद्यावरून प्रेक्षकाला घरी न्यायला धडा दिला की तो धडा खरा असावा लागतो. पोटात भुताची गोष्ट आणि वर विज्ञानाचा अंगरखा, असं करून धडा देता येत नाही. तसं केलं की पाखरांचं खरं दुखणं मागे पडतं आणि लोक टॉवरवर दगड मारून मोकळे होतात.

आणि दुखणं तर खरं आहे! आपल्या सोयीची किंमत मुक्या जिवाने मोजावी का, हा पक्षिराजनचा प्रश्न शंभर नंबरी आहे. त्याचं उत्तर शोधायला शंकर यांनी आमच्याकडे यायला हवं होतं. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे या धरणांचं पाणी आलं आणि जुन्नर-आंबेगावचा जिरायती माळ उसाने हिरवा झाला. घरं सुधारली, पोरं शिकली. त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं घालू लागली. दाट आडोसा, पाणी आणि गोठ्याभोवती कुत्री-शेळ्या, तिला आणखी काय हवं? आज संध्याकाळी मूल अंगणात सोडायला आई घाबरते आणि शेतकरी रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाताना काठी-बॅटरी घेऊन जातो. या शतकाच्या सुरुवातीला उपाय म्हणून बिबटे पकडून लांब जंगलात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवलं की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. उपायानेच रोग बळावला.

या गोष्टीत खलनायक कोण? धरण बांधणारा? ऊस लावणारा? पिंजरा ठेवणारा वनरक्षक? बिबट्या? प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबर वाटलं ते केलं आणि सगळ्यांचं मिळून संकट झालं. हा अगदी चिट्टीचाच पेच आहे : सांगितलेलं काम अचूक झालं आणि मुलगी गाडीखाली गेली. ‘रोबोट’चा खरा दुसरा भाग इथे होता. ‘२.०’ने सूड घेणारा आत्मा शोधला आणि त्याला हरवून आपल्याला मोकळं केलं. आपल्या मोबाइलची, आपल्या उसाची जबाबदारी आपल्यावर येऊ न देणारा सिनेमा पाहून बरं वाटतं, पण ते बरं वाटणं फसवं असतं.

आता पहिला सल्ला : अपेक्षाच ठेवू नये. हे नारायणगावात सांगणं म्हणजे कमालच. हे तमाशाचं गाव. विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. त्यांच्यासारखा अपेक्षा ठेवणारा चाहता दुसरा नसेल. गेल्या वर्षी फड गाजला म्हणून ते येतात, पण पहिला सवाल असतो, यंदा वग कोणता? तेच नाव हवं, तोच ढंग हवा, आणि गोष्ट नवी हवी. गण-गवळण झाली, रंगबाजी झाली, आणि वगात दम नसला तर पुढच्या साली सुपारी दुसऱ्या फडाला. याला कुणी हळवेपणा म्हणत नाही. कलावंतावर ठेवलेला तो विश्वास असतो आणि लावलेला वचकही. अपेक्षा सोडून दिलेला प्रेक्षक फडाला बुडवतो. सिनेमाचं वेगळं काय?

एक आक्षेप मात्र विचारात घ्यावा असा आहे. पहिला भाग मनात इतका मोठा झालेला असतो की दुसरा कसाही असो, खुजाच वाटणार. हे खरं असतं तर एकही दुसरा भाग चाहत्यांना आवडला नसता. १९८४च्या ‘टर्मिनेटर’नंतर १९९१मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात मारायला आलेलं यंत्रच राखणदार होतं आणि माणसाच्या जिवाची किंमत एका पोराकडून शिकतं. ते कोट्यवधींना आवडलं. ‘ब्लेड रनर’चा पुढचा भाग तर पस्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये आला. पहिल्यात प्रश्न होता, घडवलेल्या जिवाला माणूस म्हणायचं का? दुसऱ्याने एक पाऊल पुढे टाकून विचारलं, त्याला पोटी मूल झालं तर? नवे चेहरे, नवी गोष्ट, पण धागा अखंड. पस्तीस वर्षांच्या आठवणीचं ओझं त्या सिनेमाला पेललं, मग आठ वर्षांचं का पेलू नये?

आणि दुसरा भाग कसा करावा, याचा धडा खोडदलाच आहे. जीएमआरटी २००२ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली. २०१०च्या दशकात तिचं नूतनीकरण झालं. तबकड्या त्याच राहिल्या. बदलले ते त्यांच्या नाभीवरचे ग्राहक आणि मागची संगणकप्रणाली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकू येई, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत येतो. कुणी तबकड्यांना रंग देऊन, त्यांच्यावर रोषणाई करून ‘दुर्बीण २.०’ असा फलक लावला नाही. आकाशाला जे विचारायचं होतं, तेच अधिक बारकाईने विचारता यावं म्हणून जिथे हात घालायचा तिथेच घातला. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला जत्रा भरावी तशी शाळकरी पोरं येतात. आपली प्रतिकृती टेबलावर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत उभ्या राहिलेल्या सातवी-आठवीच्या मुलीला ‘ऑरा’ची गरज पडत नाही. खरं विज्ञान तिला पुरेसं अद्भुत वाटतं. तिला कमी समजून काढलेला सिनेमा तिच्या लायकीचा नसतो.

‘२.०’ने जाता जाता इवलासा ‘३.०’ दाखवून पुढच्या भागाची सोय करून ठेवली आहे. तो आला तर मी तिकीट काढणार, यात शंका नाही. त्यासाठी मागणं एकच आहे. लाल चिप, उडणारे मोबाइल, हजार हातांचे राक्षस हवे तितके आणा, पण चिट्टीला पुन्हा विचार करू द्या. २०१८ मध्ये यंत्राने विचार करणं ही गंमत होती. आज यंत्र मुलांचे निबंध लिहून देतं आणि शेतकऱ्याला टोमॅटोवरचा करपा ओळखून दाखवतं. सांगितलेलं काम ते पटकन करतं. योग्य काय, हे त्याला कोण शिकवणार आणि चुकलं तर उत्तर कोण देणार, हा २०१०चा प्रश्न आता पडद्यावरून उतरून घरात आला आहे. त्याला भिडणारा तिसरा भाग काढायचा असेल तर काढा. नसेल, तर चिट्टीला संग्रहालयात राहू द्या. सहलीला आलेल्या मुलांना तो तिथूनही विचार करायला लावतो.